आईसोबत रविवारचा ब्रंच: माटुंग्यात मऊ, गरम काय मिळेल?

डोंबिवलीची_लेक

आईला नुकतीच कवळी बसवली. डॉक्टरांनी काही दिवस मऊच खायला सांगितलंय आणि घरी भात-वरण, मुगाची खिचडी, परत भात-वरण असं चाललंय. ती पार कंटाळली आहे. म्हणून या रविवारी तिला बाहेर न्यायचं ठरवलंय. बहिणीचं म्हणणं, मोठ्या हॉटेलात ब्रंच बुफे करू. पण तिथे ताट हातात घेऊन हिंडायचं, थंड सॅलड, कडक पाव. आई लिंबूपाणी पिऊन घरी येईल. तिला बसल्या जागी कोणीतरी गरम आणून वाढलेलं हवं असतं. लग्नाआधी ती किंग्ज सर्कलजवळ नोकरी करायची, तिथल्या कॉफीचं अजून नाव काढते, म्हणून माटुंगा डोक्यात आहे. नाश्ता आणि जेवण एकातच उरकावं असा विचार आहे. गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. तिखट चालत नाही. कुठे नेऊ आणि काय मागवू?

पीयूषप्रेमी

माटुंग्याचाच हट्ट नसेल तर दादरला शिवसेना भवनासमोर आस्वाद आहे. त्यांची मिसळ 2015 साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरली होती. अर्थात काकूंना फरसाण आणि तिखट दोन्ही नको, पण बाकी मराठी पदार्थ भरपूर आहेत. साबुदाण्याची खिचडी मऊ असते.

भाऊदाजी_रोडची_सून

साबुदाणा नव्या कवळीला अजिबात देऊ नका. चिकटतो आणि कवळी उचलली जाते. माझ्या सासऱ्यांना कवळी बसली तेव्हा आम्ही हे सगळं पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काकूंचा जीव माटुंग्यात अडकलाय तर तिथेच न्या. कॅफे मद्रास भाऊदाजी रोडवर, किंग्ज सर्कलच्या अगदी जवळ. 1940 पासूनचं. नाव मद्रास असलं तरी घराणं कर्नाटकातल्या कामतांचं, त्यामुळे उडुपी पद्धतीचे पदार्थही मिळतात. रविवारी दहा-अकराला मात्र तिथे फुटपाथवर ही गर्दी असते. दुखऱ्या गुडघ्यांनी तिथे उभं राहायचं म्हणजे खाण्याची मजाच गेली. पहाटे आवरायची सवय असेल तर आठच्या आत पोचा. ब्रंचची वेळ गाठायचा आग्रह धरू नका, काकूंना निवांत बसायला मिळणं जास्त महत्त्वाचं.

पहिली रसम इडली मागवा. इडली रसमात भिजून येते, चमच्याने तुटते. रसमाला मिरीचा झणका असतो, पण तो घशाला बरा वाटतो. फार वाटला तर साधी इडली आणि खोबऱ्याची चटणी. मग नीर डोसा. तो नुसत्या तांदळाच्या पातळ पिठाचा, आंबवलेला नसतो, कडाही मऊ राहतात. मसाला डोसा तुम्ही खा, काकूंना त्यातली भाजी द्या. पोंगल म्हणजे तांदूळ आणि मूगडाळ, वर तूप. घरच्या खिचडीचीच बहीण, पण मिरी-जिऱ्याने चव पार वेगळी. फक्त त्यातली अख्खी मिरी आणि काजू आधी वेचून घ्या. मिरीचा दाणा कवळीखाली गेला की डोळ्यांत पाणी येतं. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी सारखं चावायला सांगा.

कॉफीचं नीट ऐका. वरच्या कवळीने टाळू झाकलेला असतो, पेय किती गरम आहे ते चटकन कळत नाही. पेला आणि वाटीत दोन-तीनदा वरखाली करून मगच त्यांच्या हातात द्या. फिल्टर कॉफी तशीच प्यायची असते, त्यामुळे त्यांना आजारी असल्यासारखं वाटणार नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सासरे घरी चिडचिड करायचे, पण तिथे इतर चार माणसं तेच खात होती म्हटल्यावर निमूटपणे खुशीत जेवले.

लोकलचा मेगाब्लॉक शनिवारी बघून ठेवा. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड बऱ्याचदा असतो. फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही. दादरला उतरून जिने चढण्यापेक्षा डोंबिवलीहून सरळ स्लो पकडा, वेळ लागला तरी चालेल.

डोंबिवलीची_लेक

ताई, मिरी आणि कॉफी, दोन्ही माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खूप आभार. आठला पोचणं जमेल, आई पाचलाच उठते. पण बहिणीला पोटभर भात हवाच, म्हणून रामा नायकांकडे केळीच्या पानावर जेवायचं का असं ती विचारतेय.

भाऊदाजी_रोडची_सून

जेवण उत्तम आहे. नायकांनी 1942 साली सुरू केलेलं, माटुंगा स्टेशनच्या बाहेरच, आणि पानावर आग्रहाने वाढतात. पण पहिल्या मजल्यावर आहे. सध्या गुडघे बोलत असताना तो जिना नको. बहिणीला एकटीला दुपारी पाठवा आणि तोवर तुम्ही काकूंना घेऊन किंग्ज सर्कलच्या बागेत बाकावर बसा.

स्टेशनजवळचा

कॅफे मद्रासला रांग दिसलीच तर थांबू नका. स्टेशनजवळ रामाश्रय आहे, 1939 पासूनचं, भल्या पहाटे उघडतं. तिथला शिरा मऊसूत असतो, काकूंना नक्की आवडेल. टेबलं मात्र अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावी लागतात, आणि खाऊन झालं की रेंगाळता येत नाही.

डोंबिवलीची_लेक

आईला विचारलं. म्हणाली, शिरा आधी, इडली नंतर, आणि टॅक्सीने फिरवा पण दोन्हीकडे न्या. रविवारी सहाची लोकल ठरली.