नोकरी गेली की आधी काय जातं, पैसा की दिवस?

रानवाट:
माझी नोकरी गेली तेव्हा आठ महिने पुरेल इतकी शिल्लक होती. तरी तिसऱ्या महिन्यात आंघोळ दुपारवर गेली. मंगळवार आणि शनिवार सारखेच वाटायला लागले. ओळखीचं कोणी दिसलं की मी रस्ता बदलायचो, कारण पुढचा प्रश्न ठरलेला, "सध्या काय चाललंय?"

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथे राहून पाहणी केली. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाने शुल्कही माफ केलं होतं. तरी पुस्तकं नेणं १९३१ पर्यंत निम्म्यावर आलं. पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं, चालताचालता ते उगाच थांबायचे. बायका मात्र झपझप चालायच्या, घरकामातून त्यांची सुटका नव्हतीच. माझं ठाम मत आहे, पैशाआधी दिवसाचा आकार जातो.

मृदगंध:
साफ अमान्य. शिल्लक असलेल्याला दिवसाचा आकार दिसतो. मला घरमालकाचा फोन दिसायचा. वाजला की पोटात गोळा.

त्याच पाहणीतलं तुम्ही गाळलेलं सांगते. न खचलेल्या कुटुंबांचं माणशी मासिक उत्पन्न सरासरी ३४ ऑस्ट्रियन शिलिंग होतं, पार विझलेल्यांचं १९. बेकारभत्ता आटत गेला तशी माणसं ढासळली. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले. रोजगार फारसा वाढला नाही, पण इतर बेरोजगारांपेक्षा या लोकांनी ताण आणि उदासी कमी असल्याचं सांगितलं. अशा माणसाला 'सकाळी लवकर उठत जा' हा सल्ला देऊ नका, आधी भाड्याची सोय करा.

ओलीवाट:
मला दोन्ही अपुरं वाटतं. जर्मनीतल्या एका अभ्यासात दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांचं समाधान निवृत्त होताच वाढलेलं दिसलं. दिवस तसाच रिकामा, मिळकतीतही मोठा फरक नाही. बेरोजगार हा शिक्का तेवढा पुसला गेला. शिक्का मारणारे आपणच आहोत, अगदी घरातलेसुद्धा.

रानवाट:
मृदगंध, उत्पन्नाचे आकडे मी गाळायला नको होते. चूक मान्य. पण वर्षभराने मला पूर्वीच्याच पगाराची नोकरी लागली, तरी साहेबांनी एकट्याला आत बोलावलं की हात गार पडतात. आता पैसा आहे की. मग हे कशाने?

मृदगंध:
शिल्लक आठ महिन्यांची, नोकरी वर्षाने. मधले चार महिने कशावर काढलेत?

रानवाट:
धाकट्या बहिणीच्या पैशांवर. सगळे फेडले. तिने कधी विषयही काढला नाही. तरी तिच्या नजरेला नजर देताना अजून जड जातं.