एसी लावला की आरपीएम पडतो, हेडलाइट मंद होतात: डायनामो गेला का?

खानापूरवाला:
पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, ८५ हजार किमी. नुसती ठेवली तर ७५० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ठीक चालते. एसी आणि हेडलाइट लावले की ५५०ला येते, थरथरते, ब्लोअरही मंदावतो. मेकॅनिक थेट आल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) बदला म्हणतोय. बॅटरी सहा महिन्यांचीच आहे.

निपाणी वायरमन:
थांबा, मीटर लावल्याशिवाय काही बदलू नका. आरपीएम पडला की आल्टरनेटरही कमी करंट देतो, त्यामुळे दोष इंजिनाचा असला तरी लाइट मंद दिसतात. म्हणून दोन्ही लोड वेगळे करून बघा. आधी एसी बंद ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर फुल करा, मग ते बंद करून फक्त एसी लावा. नुसत्या एसीवर आरपीएम पडला तर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंवा एसीच्या कंप्रेसरकडे बघायचं.

बॅटरीवर व्होल्टेज: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६च्या आसपास, चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. सगळं लावून १३च्या खाली गेलं तर रेस देऊन आरपीएम २०००वर धरा. तरीही वर येत नसेल तर बेल्ट, आल्टरनेटरचे कार्बन (ब्रश), वायरिंग तपासा.

आणि चालू गाडीची बॅटरीची वायर काढून डायनामो तपासणारे अजून आहेत. त्यांना हात लावू देऊ नका, व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जातो.

जांबोटी रोड:
तुमच्याकडचा पाऊस बघता मी आधी अर्थिंग (बॅटरीच्या मायनसपासून इंजिन आणि बॉडीला जाणारी पट्टी) धरेन. सगळे लोड लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर पट्टी खराब. मग लाल पिन बॉडीवर ठेवून तेच करा. पट्टी वरून चांगली दिसते, पण बोल्ट काढला की लगखाली (पट्टीच्या टोकाच्या कडीखाली) हिरवा-पांढरा थर निघतो. पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन.

खानापूरवाला:
ब्लॉकवर ०.६ आलं! लगखाली अगदी तसाच थर होता. घासून बसवल्यावर ०.०५. सगळं लावून बॅटरीवर १३.३ होते, आता १३.८. लाइट स्थिर आहेत. पण नुसता एसी लावला तरी आरपीएम ६००लाच येतो.

निपाणी वायरमन:
म्हणजे आल्टरनेटर ठणठणीत आहे, पैसे वाचले दादा. आता थ्रॉटल बॉडी उघडा. झडपेच्या कडेला कार्बन साचला की आयडलिंगची (गाडी जागेवर नुसती चालू असतानाची) हवा अडते. थ्रॉटल क्लीनर कापडावर मारून पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू असताना झडप बोटाने ढकलायची नाही. नंतर स्कॅनरने आयडल रीलर्न (ईसीएमला आयडलिंग पुन्हा शिकवणं) करून घ्या, नाहीतर काही दिवस आरपीएम उलट चढाच राहील.

जांबोटी रोड:
सोबत एसी लावल्यावर कंडेन्सरचा (गाडीच्या पुढच्या बाजूच्या एसीच्या जाळीचा) फॅन फिरतो का तेही बघा. फॅन बंद किंवा जाळी चिखलाने बुजलेली असली की गॅसचं प्रेशर वाढतं आणि कंप्रेसर इंजिनाला दाबतो. पाणी हलक्या धारेने मारा, जोराने मारलं तर पत्र्या वाकतात.