मदत हवी आहे: आल्प्समधले थंड तलाव, रेग्युलेटर फ्री फ्लो आणि कुठला सीझन?

मंडळी, ज्यांनी थंड पाण्यात डायव्हिंग केलंय त्यांनी प्लीज सांगा. माझे पन्नासेक डायव्ह झालेत पण सगळे कोमट समुद्रात. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात आटरझे तलावावर गेलो, वर पाणी २२ अंश, लोक मजेत पोहतायत, म्हटलं ७ मिमीचा वेटसूट बास झाला. १५ मीटरला थर्मोक्लाइन (कोमट आणि गार पाण्यामधली सीमा) लागली, अक्षरशः रेघ मारल्यासारखी, डोकं कोमट आणि पाय गार. २० ला डायव्ह कॉम्प्युटर ६ अंश दाखवत होता, तिथे बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) हवा भरता भरताच जोरात श्वास घेतला आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला देणारं यंत्र) सुटला, हवा नुसती वाहत राहिली (फ्री फ्लो), थांबेचना, बुडबुड्यांत काही दिसेना. बडीच्या (डायव्हमधला जोडीदार) ऑक्टोपसवर, म्हणजे त्याच्या जादा रेग्युलेटरवर, वर आलो. धड आहे, पण बडी जवळ होता म्हणून.

आता ड्रायसूटचा (आत पाणी न शिरणारा सूट) कोर्स करतोय. पण रेग्युलेटर बदलावा का? आणि थंडीत गेलं तर जास्त रिस्क का? तीन्यच्या तलावात (फ्रान्स, साधारण २१०० मीटर उंची) बर्फाखाली डायव्ह करतात म्हणे, तिथे जायचं मनात आहे. शिवाय डायव्ह करून लगेच घाट चढून परतलं तर चालतं का?

उत्तर १: सीझनवर फार जाऊ नका, २५-३० मीटरला उन्हाळ्यातही ५-६ अंशच असतं. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड, ते तळाला बसतं. उलट हिवाळ्यात शेवाळ कमी म्हणून दिसतं छान, वसंतात बर्फ वितळून गढूळ येतं.
फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा टाकीला जोडलेला भाग) हवेचा दाब एकदम उतरतो तेव्हा ती शून्याच्या खूप खाली जाते, आजूबाजूचं पाणी गोठतं आणि व्हॉल्व्ह उघडाच अडकतो. श्वास आणि इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायचं बटण) एकदम वापरलात, तिथेच घात झाला. सील्ड (आत पाणी न शिरणारी) फर्स्ट स्टेज घ्या, शक्यतो दोन, टाकीच्या वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर, म्हणजे एक बंद करता येतो. तुमच्या रेग्युलेटरवर ईएन २५० (रेग्युलेटरचं युरोपियन मानक) च्या शेजारी '१० अंशांहून जास्त' असा ठप्पा आहे का बघा, असेल तर तो थंड पाण्यासाठी नाहीच.
तीन्यला हवेचा दाबच ०.७८ बारच्या आसपास, कॉम्प्युटर अल्टिट्यूड (उंचीच्या) मोडवर हवा, आणि बर्फाखाली आधी ट्रेनिंग, मग हौस. घाटाचं म्हणाल तर डायव्हनंतर विमानात बसण्याआधी जितकं थांबतात तोच हिशोब धरा, एका डायव्हनंतर १२ तास, जास्त केले तर १८.

धागाकर्ता: आत्ता टॉर्च मारून बघितलं. आहे ठप्पा, एवढास्सा, होजच्या मागे. पाच वर्षं वापरतोय!