एप्रिलमधील कोविडचे बिल ३,८६,४०० रुपये: शासनाच्या दरमर्यादेत नेमके काय काय येते?

कोपरखैरणेकर, ४ जुलै २०२१

नमस्कार. माझे वडील (वय ६६) कोविडमुळे ६ एप्रिलला नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात दाखल झाले आणि २० एप्रिलला घरी आले. आता ते बरे आहेत, जिना चढताना तेवढा दम लागतो. चौदा दिवसांपैकी आठ दिवस ते विलगीकरण कक्षात आणि सहा दिवस आयसीयूत होते. व्हेंटिलेटरची नळी घालावी लागली नाही, बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क लावला होता. आमच्याकडे आरोग्य विमा नाही, कारण तुर्भ्याच्या कारखान्यातून वडील निवृत्त झाले त्याच दिवशी कंपनीचा गटविमा संपला आणि त्यानंतर नवीन विमा काढायचा राहून गेला.

बिल एकूण ३,८६,४०० रुपयांचे आले. त्यात खाट आणि आयसीयूचे ८६,०००, डॉक्टरांच्या भेटींचे ४२,०००, परिचर्येचे ९,८००, पीपीई किटचे ३५,०००, जैववैद्यकीय कचऱ्याचे ७,०००, तपासण्यांचे ४७,६०० (त्यात छातीच्या दोन एचआरसीटी, म्हणजे सीटी स्कॅन, प्रत्येकी ५,५००), औषधांचे १,४८,००० आणि नोंदणी व प्रशासन शुल्काचे ११,००० रुपये आहेत. औषधांत रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनच्या सहा कुप्या लावल्या आहेत. त्यांपैकी चार मी स्वतः ८ एप्रिलला ठाण्यातील एका औषध दुकानासमोर साडेचार तास रांगेत उभी राहून विकत आणल्या आणि आयसीयूच्या दाराशी परिचारिकेच्या हातात दिल्या होत्या.

घरी सोडण्याच्या दिवशी पैसे भरल्याशिवाय कागद मिळणार नाहीत असे सांगण्यात आले, तेव्हा आईच्या पाटल्या गहाण ठेवून आम्ही पूर्ण रक्कम भरली. गेल्या आठवड्यात विचारणा केली असता, ‘शासनाचे नवे दर १ जूनपासून लागू झाले, तुमचे बिल त्याआधीचे आहे,’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का? आणि पैसे एकदा भरल्यानंतर तक्रार करता येते का?

हिशेबतपासनीस, ५ जुलै २०२१

ताई, वडील घरी आले हे वाचून बरे वाटले. मी निवृत्त लेखाधिकारी आहे आणि गेल्या वर्षभरात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीतील काही कुटुंबांची अशी बिले ओळीने तपासून दिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१ जूनचे उत्तर चुकीचे आहे. राज्य शासनाने २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी कमाल दर ठरवून दिले: विलगीकरण कक्ष दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,००० रुपये. यंदाच्या जूनमध्ये जे बदलले ते शहरांच्या वर्गवारीनुसार. ब आणि क वर्गातील शहरांचे दर खाली आणले गेले. ठाणे आणि नवी मुंबई अ वर्गात असल्यामुळे आपल्याकडे ४,०००, ७,५०० आणि ९,००० हेच आकडे कायम राहिले. म्हणजे तुमच्या वडिलांना एप्रिलमध्ये जी मर्यादा लागू होती, तीच जुलै २०२१ मध्येही आहे.

आता या दरात काय येते ते पाहू, कारण बिल फुगते ते इथेच. खाटेचे भाडे, डॉक्टरांचा सल्ला, परिचर्या, जेवण, नेहमीची औषधे आणि रक्ताची साधी तपासणी, क्रिएटिनिन, ईसीजी, एक्स-रे यांसारख्या नेहमीच्या तपासण्या या सगळ्यांचा समावेश त्या एका दैनंदिन दरात केलेला आहे. त्यामुळे ८६,००० रुपये घेतल्यावर डॉक्टरांच्या भेटींचे ४२,००० आणि परिचर्येचे ९,८०० वेगळे आकारणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे होय. पीपीई किट या दराबाहेर आहे, मात्र त्यालाही गेल्या वर्षी मर्यादा घालण्यात आली: कक्षात दिवसाला ६०० आणि आयसीयूत १,२०० रुपये. आठ दिवसांचे ४,८०० आणि सहा दिवसांचे ७,२०० मिळून १२,००० होतात. तुमच्याकडून ३५,००० घेतले आहेत. एचआरसीटीचे दर यंत्राच्या क्षमतेनुसार २,०००, २,५०० किंवा ३,००० ठरलेले आहेत, त्यामुळे सर्वांत मोठे यंत्र धरले तरी दोन चाचण्यांत ५,००० रुपये जास्त गेले. एवढ्या चार बाबींतच ७९,८०० रुपयांचा फरक पडतो, आणि अजून आपण औषधांना हातही लावलेला नाही.

८६,००० हा आकडा कक्षाचे ३२,००० आणि आयसीयूचे ५४,००० मिळून होतो, म्हणजे आयसीयूचे सहाही दिवस व्हेंटिलेटरच्या दराने धरले आहेत. बायपॅपला तो दर का लावला, हे लेखी विचारा. तिथे आणखी ९,००० रुपयांचा प्रश्न आहे. कचऱ्याचे ७,००० आणि प्रशासन शुल्काचे ११,००० कोणत्या आधारावर घेतले, हेही त्याच पत्रात विचारा.

औषधांसाठी केस पेपरची, म्हणजे उपचारांच्या सर्व नोंदींची, पूर्ण प्रत मागा, केवळ डिस्चार्ज कार्ड पुरणार नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यातील औषधांच्या तक्त्यावर कोणत्या दिवशी कोणते इंजेक्शन किती वाजता दिले याची नोंद असते. तो तक्ता एका हाताला आणि औषधांचे बिल दुसऱ्या हाताला ठेवून बसा. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी पाहिलेल्या एका बिलात एका दिवसात हातमोज्यांच्या ४० जोड्या लावल्या होत्या, तर तक्त्यावर त्या दिवशी परिचारिकांच्या नऊच नोंदी होत्या.

पैसे भरले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. कोविडच्या बिलांच्या तक्रारींसाठी नवी मुंबई महापालिकेने स्वतंत्र केंद्र सुरू केले, ठाण्यात महापालिकेने लेखापरीक्षक नेमले होते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क पडत नाही. महामारीमुळे सर्वोच्च न्यायालयाने मुदतींची गणना सध्या (जुलै २०२१) थांबवलेली आहे, तरी त्यावर विसंबून राहू नका. कागद जितके जुने होतात तितके ते मिळणे अवघड होते.

वाशीनिवासी, ५ जुलै २०२१

माझ्या काकांवर गेल्या वर्षी वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रातील महापालिकेच्या कोविड केंद्रात उपचार झाले आणि आम्हाला एक रुपयाही द्यावा लागला नाही. शिवाय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मे २०२० पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्वांसाठी खुली करण्यात आली होती. आपण खासगी रुग्णालयात जाण्याआधी ही चौकशी केली नव्हती का?

कोपरखैरणेकर, ५ जुलै २०२१

केली होती. ६ एप्रिलला सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत आम्ही महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला आणि मिळतील त्या सर्व क्रमांकांवर फोन करत होतो. वडिलांच्या रक्तातील ऑक्सिजन ८६ टक्क्यांवर आला होता आणि त्या वेळी ऑक्सिजनची एकच खाट मिळाली, ती याच रुग्णालयात. ते रुग्णालय फुले योजनेत नोंदलेले नव्हते. दर विचारण्याच्या मनःस्थितीत तेव्हा आम्ही कोणीच नव्हतो.

नौपाड्यातील डॉक्टर, ६ जुलै २०२१

माझे पंधरा खाटांचे नर्सिंग होम आहे आणि गेल्या वर्षी व यंदाही आम्ही कोविडचे रुग्ण घेतले, म्हणून दुसऱ्या बाजूचा हिशेबही इथे मांडावासा वाटतो. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन लागत असेल तर सात हजार लिटरचा मोठा सिलिंडर पावणेआठ तासांत संपतो, म्हणजे एका रुग्णाला दिवसाला तीन सिलिंडर लागतात. ऑक्सिजनची गरज नसलेला रुग्ण आणि हा रुग्ण एकाच कक्षात, एकाच ४,००० रुपयांच्या दरात. एप्रिलमध्ये परिचारिका दुप्पट पगारावरही मिळत नव्हत्या, माझ्याकडील पाच जणींपैकी तिघी स्वतः आजारी पडल्या होत्या. सगळ्यांना एकच दर लावताना लहान रुग्णालयांचा विचार झाला नाही, हे माझे मत आजही कायम आहे.

मात्र दर परवडत नाही म्हणून तो दुसऱ्या नावाने वसूल करणे मला मान्य नाही. डॉक्टरांची भेट दरात धरलेली आहे, हे प्रत्येक रुग्णालयाला ठाऊक होते. ताई, हिशेबतपासनीस यांनी मांडलेल्या आकडेवारीत मला चूक दिसत नाही. एका गोष्टीची तयारी ठेवा. उरलेल्या २० टक्के खाटांवर रुग्णालयाला स्वतःचे दर लावता येतात आणि तुमचे वडील त्याच खाटेवर होते, असे उत्तर येऊ शकते. दाखल करताना तशा संमतीपत्रावर तुमची सही घेतली होती का, ते फाइलमध्ये पाहा. पण खाट आणि आयसीयूचे ८६,००० रुपये त्यांनी शासनाच्याच दराने लावले आहेत, हे तुमच्या बाजूचे आहे. स्वतःचा दर लावणारे रुग्णालय नेमका तो आकडा कशाला लावील?

विमाधारक वाचकांसाठी एक खुलासा: ज्यांच्या विमा कंपनीचा किंवा नोकरीच्या ठिकाणचा रुग्णालयाशी करार आहे, त्यांना करारातील दर लागू होतात. विम्याची रक्कम संपल्यावर मात्र शासनाची मर्यादा लागू होते.

कोपरखैरणेकर, ९ जुलै २०२१

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. केस पेपर काल मिळाले. आधी सोमवारी या म्हणाले, पण ७२ तासांचा नियम अर्जात लिहिलेला पाहून त्यांनी त्याच दिवशी प्रती काढून दिल्या. वीस टक्के खाटांच्या संमतीपत्रावर कोणाचीही सही नाही, तसा कागदच फाइलमध्ये नाही.

औषधांच्या तक्त्यावर रेमडेसिविर पाच दिवस दिल्याची नोंद आहे: पहिल्या दिवशी दोन कुप्या आणि पुढे रोज एक, म्हणजे सहा. औषध दुकानाची माझी पावती आईच्या देवघराच्या खणात सापडली, तिच्यावर चारही कुप्यांचा बॅच क्रमांक छापलेला आहे. तोच क्रमांक तक्त्यावर ८ ते १० एप्रिलच्या नोंदींसमोर परिचारिकेने हाताने लिहिला आहे. रुग्णालयाच्या बिलात सहाही कुप्यांचे पैसे लावले आहेत आणि त्यांतील चार ओळींत बॅच क्रमांकाची जागा कोरी आहे.

पावती, तक्ता आणि बिल यांच्या दोन-दोन प्रती काढल्या आहेत. अर्ज घेऊन उद्या सकाळी बेलापूरला महापालिकेत जात आहे.