फेरफाराच्या वादात दिवाणी कोर्टाची वाट अडवावी का?

सीनाकाठ (माढा)
आजोबा गेल्यावर वारसनोंदीत दोन्ही आत्यांची नावं गाळून फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) मंजूर झाला. आत्यांनी अपील केलं, त्यावर दुसरं अपील, मग फेरतपासणी. अनेक वर्षांनी निकाल आला: ‘मालकीहक्काचा वाद सक्षम दिवाणी न्यायालयातून मिटवून घ्यावा.’ हेच आधी सांगायला काय हरकत होती?

महसूल संहिता १९६६ चं कलम १५८ म्हणतं, सातबाऱ्यावर नाव लावा किंवा काढा असा दावा शासनावर चालणार नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरायची. शिवाय १८७६ चा महसूल अधिकारिता कायदा म्हणतो, शासनाविरुद्ध यायचं तर आधी महसुली अपिलं संपवा. तोवर ज्याचं नाव चढलं तो खरेदीखत करून मोकळा होतो. माझं स्पष्ट मत आहे, मालकीचा वाद दिसला की पहिल्या अपिलानंतर दिवाणी कोर्टाला नोंदीवरही थेट हुकूम देता आला पाहिजे.

बार्शीचा वकील
आत्यांवर अन्याय झाला, पण तो कलम १५८ ने केलेला नाही. ते कलम शासन आणि अधिकाऱ्यांवरचा दावा अडवतं, भावावरचा नाही. वाटपाचा आणि हक्क जाहीर करून मिळण्याचा दावा, सोबत जमीन विकू नये म्हणून तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, हे फेरफार झाला त्याच आठवड्यात करता आलं असतं. हुकूमनामा, म्हणजे दिवाणी कोर्टाचा निकाल, झाला की त्याप्रमाणे नोंद बदलते. फेरफाराने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. १९६८ च्या धुलाभाई खटल्यातही हेच आहे की दिवाणी कोर्टाचा अधिकार गेला असं सहजासहजी मानायचं नाही.

तुम्ही म्हणता तसं केलं तर प्रत्येक वारसनोंदीत तहसीलदार प्रतिवादी होईल. आणि एक लक्षात ठेवा, हक्क जाहीर करून मागायला मुदत ३ वर्षांचीच असते. अपिलांच्या नादात ती घालवू नका.

सीनाकाठ (माढा)
तुम्ही सांगता ते कायद्यात आहे, गावात नाही. तलाठ्याच्या सज्जात गेलेल्या बाईला ‘अपील करा’ एवढंच सांगतात. मुदतीचं कोणी बोलत नाही.

कुळाचा नातू (मोहोळ)
कोर्टाचं दार उघडा म्हणणाऱ्यांनी आमची बाजूही ऐकावी. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा; तो कूळ आहे का हे दिवाणी कोर्टाने नाही, मामलेदाराने (तहसीलदाराने) ठरवायचं, असं म्हणून कूळकायद्याच्या कलम ८५ ने ते दार बंद केलं म्हणून आमच्याकडे जमीन राहिली. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारा मालक मानला गेला. मूळ मालकाला सोलापुरात वकील लावून मनाई आणणं परवडत होतं. माझ्या आजोबांना तारखेला जायचं म्हटलं की एसटीचं भाडं उसनं मागावं लागे. पीकपाहणीत कुणाचं नाव आहे, बांधाला कोण राबतंय, हे मामलेदारासमोर गावातली चार माणसं सांगू शकली.

पाणंद
रस्त्याचं उदाहरण घ्या. उसाला तोड आली आणि शेजाऱ्याने रस्त्यात काटे टाकले, तर दिवाणी दाव्याच्या तारखेला काय अर्थ? मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाता येतं, जागेवर पंचनामा होतो. बांधावरून नवा रस्ता मागायचा तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे, आणि त्यातला निर्णय पटला नाही तर वर्षभरात दिवाणी दावाही करता येतो. आधी महसूल, मग कोर्ट, हा क्रम मला इथे रास्त वाटतो.

बार्शीचा वकील
रस्त्याबाबत सहमत. पण कुळाचा मुद्दा आज उलटा वापरला जातो. दावा पुराव्याला आला की प्रतिवादी ‘मी कूळ आहे’ म्हणतो, कलम ८५-अ खाली मुद्दा तहसीलदाराकडे जातो आणि दावा तहकूब. खऱ्या कुळांचं संरक्षण मी नाकारत नाही, पण हा अडसर खपवून घेऊ नये.

कुळाचा नातू (मोहोळ)
मग मुद्दा परत पाठवायला तहसीलदाराला मुदत घाला, आणि प्रथमदर्शनी एकही कागद नसेल तर कोर्टाने तो पाठवूच नये. कलम काढायला मात्र माझा विरोध आहे.

सीनाकाठ (माढा)
हे मान्य. मग वारसनोंदीच्या नोटिशीवरही छापा: हक्काचा वाद असेल तर दिवाणी दावा करता येतो, अपील केल्याने त्याची मुदत थांबत नाही. कलम १५८ बद्दल माझं मत तेच आहे.