मदत हवी आहे : बोटाच्या टोकासाठी पायाच्या अंगठ्याचं मांस, कुणाचं ऑपरेशन झालंय का?

धाकटा भाऊ सुतारकाम करतो. चार दिवसांपूर्वी रंधा मशीनवर उजव्या तर्जनीच्या टोकाची गादी गेली. नख बरंचसं शाबूत आहे, पण खाली हाड उघडं पडलंय. त्यामुळे नुसत्या ड्रेसिंगवर सोडता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दोन मार्ग सांगितलेत. एक, मधल्या बोटाच्या पाठीची कातडी उचलून जखमेवर शिवायची. दोन-तीन आठवडे बोटं एकमेकांना जोडलेली राहतात, मग सोडवतात. दुसरा, पायाच्या अंगठ्याचा मांसल तुकडा रक्तवाहिन्या आणि नर्व्हसकट काढून बोटावर बसवायचा. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या त्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. कातडी बोटासारखीच, रेषांसकट. पण आत गुठळी झाली तर तुकडा जाऊही शकतो.

घरचे म्हणतात, चांगल्या पायाला कशाला हात लावायचा? मला मात्र दुसरा मार्ग पटतोय. पॉलिशआधी हा डोळे मिटून लाकडावरून तर्जनी फिरवतो, कुठे घासायचं राहिलंय ते त्याला बोटच सांगतं. काल बँडेजचं बोट वर धरून मधल्या बोटाने टेबलाची कड चाचपत बसला होता. बघवेना.

स्पर्श खरंच परत येतो का? चालताना त्रास? आणि तो सिगारेट ओढतो, त्याचं काय? परवा निर्णय कळवायचाय.

प्रतिसाद :
ताई/दादा, माझं हेच ऑपरेशन झालंय, तर्जनीवरच. अंगठ्याची दुसऱ्या बोटाला लागते ती बाजू घेतली. हाड घेतलं नाही, त्यामुळे तोल गेला नाही. सुरुवातीला टाके दुखले, आता चालताना आठवणही येत नाही.

सिगारेट आजच बंद करा, घरात दुसऱ्या कुणालाही ओढू देऊ नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. पहिले दोन-तीन दिवस नाजूक. नर्स तासातासाला रंग आणि ऊब बघायची. बोट जांभळं किंवा पांढरंफटक दिसलं तर तिथल्या तिथे हाक मारायची, सकाळची वाट बघायची नाही.

स्पर्श येतो, पण नर्व्ह दिवसाला साधारण मिलिमीटरभरच वाढते. आधी मुंग्या, मग नकोसा हुळहुळेपणा. कापूस, कापड, वाळू असं रोज चोळायला लावतात, ते टाळू देऊ नका. थंडीत बोट अजून ठणकतं. सर्जनना एवढं नक्की विचारा : तुकडा जगला नाही तर पुढे काय करणार?

धागाकर्ती :
खूप आभार. हे सगळं भावाला वाचून दाखवलं. सिगारेटचं पाकीट त्याने स्वतःच काढून दिलं. सर्जनना तो प्रश्न उद्याच विचारते.