कमी बजेटचे ग्राफिक्स कार्ड: नवे ३०५० की वापरलेले ६६००?

मूळ मत: आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे नवे कार्ड घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत मिळाले तर एएमडी कंपनीचे वापरलेले आरएक्स ६६०० घ्यावे, असे माझे मत आहे. एनव्हिडियाने २०२४ मध्ये आणलेल्या या कार्डाचे नाव ३०५० असले, तरी २०२२ च्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (गणना करणारे भाग) होते, ते इथे २३०४ आहेत आणि मेमरी बसही (मेमरीकडे जाणारा डेटाचा मार्ग) १२८ बिटांवरून ९६ वर आली आहे. डबा तोच आणि आतला माल हलका, हे मला पटत नाही. ६६०० मध्ये पूर्ण ८ जीबी मेमरी असून १०८०पी (फुल एचडी) वर ते बरेच पुढे राहते.

प्रतिसाद १: आपण हिशेब केवळ कार्डाचा मांडला आहे. ६६०० ला १३२ वॅट आणि आठ पिनची वेगळी वायर लागते. माझ्याकडे ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आहे. त्याचे कॅबिनेट उघडले तेव्हा २४० वॅटचा पॉवर सप्लाय निघाला, आठ पिनची वायर तर नव्हतीच, आणि त्याचा आकारच निराळा असल्याने बाजारातला नेहमीच्या आकाराचा (एटीएक्स) सप्लायही तिथे बसेना. ६ जीबीचे ३०५० सुमारे ७० वॅटमध्ये, थेट स्लॉटमधून वीज घेऊन चालते. शिवाय वॉरंटी मिळते आणि डीएलएसएसही (कमी पिक्सेलमध्ये काढलेले चित्र एआयने मोठे करणारे एनव्हिडियाचे तंत्र).

प्रतिसाद २: साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून आठ पिन काढणारा कन्व्हर्टर लावून ६६०० चालवता येईल, असे दुकानदार सांगतात.

प्रतिसाद १: कृपया तसे करू नये. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट देण्यासाठी बनलेला असतो. त्यावर जास्त भार टाकला की प्लास्टिक वितळते.

मूळ लेखक: कन्व्हर्टरबाबत सहमत, आणि आपल्या डेस्कटॉपपुरते ३०५० हेही मान्य. मात्र ज्यांच्याकडे साधा, चांगला ४५० वॅटचा सप्लाय आहे, त्यांनी वॉरंटीच्या भीतीने ६६०० सोडू नये. विक्रेत्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज तपासावा. तो नको म्हणाला तर व्यवहारच सोडून द्यावा. डीएलएसएसचे म्हणाल, तर १०८०पी वर मुळातच पिक्सेल कमी असल्याने तिथे चित्र पुसट होण्याची शक्यता अधिक असते.

प्रतिसाद ३: दोन्ही परवडत नाहीत म्हणून कोणी एएमडीच्याच ६५०० एक्सटी कार्डाकडे वळणार असेल, तर आधी मदरबोर्ड पाहावा. त्या कार्डाला मदरबोर्डशी डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या चारच लेन आहेत, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) च्या जुन्या बोर्डावर बँडविड्थ (डेटा वाहण्याची क्षमता) निम्मी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड करायचा तर तो भार प्रोसेसरवरच पडणार.